चायनाटाउनची कमान: जवळून काय पाहावं? (अनुभव धागा)

चायनाटाउनच्या कमानीचा फोटो सगळेच काढतात. ज्यांना तिची बांधणी आणि डागडुजी ठाऊक आहे, त्यांनी बारकावे लिहावेत. प्रवासवर्णन नको.

कौलारू: कमान बिघडते ती वरून, म्हणून आधी छप्पर. रचना आपल्या नळीच्या कौलांसारखीच. खोलगट कौलं उताणी, वळचणीपासून वर चढत. दोन ओळींमधल्या फटीवर अर्धगोल कौल पालथं. जुना हिशेब असा की उताण्या कौलाचे सात भाग वरच्याखाली झाकायचे, तीन उघडे ठेवायचे. यात काटकसर केली की वाऱ्याचा पाऊस आत शिरतो. वळचणीच्या अर्धगोल कौलाला भोक असतं; त्यात खिळा आणि खिळ्यावर झिलईची टोपी. टोपी गेली की खिळा गंजतो आणि ओळ घसरू लागते. खाली रहदारी असते, त्यामुळे तपासणीत सर्वांत आधी टोप्याच बघा. बर्फाच्या शहरांत कौलाच्या बिनझिलईच्या पाठीतून पाणी मुरतं, गोठून फुगतं आणि पुढची झिलई उडते. वरून रंग फासू नका, कौलच बदला.

पोटोमॅककाठी: वॉशिंग्टनची कमान १९८६ची, वास्तुकार आल्फ्रेड लिऊ. सात छपरं, सात हजारांहून जास्त कौलं, रंगवलेले २७२ ड्रॅगन. एच स्ट्रीटवरून एका झेपेत जाते. दुर्बीण न्याच, छपराखालची रंगीत ब्रॅकेटं (छप्पर तोलणारे आधार) खालून नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत.

मीनल_बे: सॅन फ्रान्सिस्को, ग्रँट अव्हेन्यू आणि बुश स्ट्रीटचा कोपरा, १९७०. मधून गाड्या, दोन्ही बाजूंनी पादचारी. कमानीपाशी बसवलेल्या सिंहांच्या जोडीविषयी: रूढ मांडणीत कमानीकडे तोंड केलं की उजवीकडे नर, पंजाखाली चेंडू, डावीकडे मादी, पंजाखाली पिल्लू. दुरुस्तीला उतरवताना चबुतऱ्यावर खूण करा, नाहीतर जोडी उलटी बसते.

अक्षरवेडा: कमानीवरची अक्षरांची पाटी उजवीकडून डावीकडे वाचायची. बॉस्टनच्या कमानीला (१९८२, तैवानची भेट) दोन्ही अंगांना वेगवेगळी चार अक्षरं आहेत. एकाच बाजूने फोटो काढून निघू नका.

योकोहामा: जपानमधल्या या शहराच्या चायनाटाउनला एक नाही, बऱ्याच कमानी. चार दिशांच्या कमानींना चार रक्षक आणि त्यांचे रंग: पूर्वेला निळा ड्रॅगन, दक्षिणेला लाल पक्षी, पश्चिमेला पांढरा वाघ, उत्तरेला काळं कासव. पूर्वेची चोयोमोन साडेतेरा मीटर उंच. नकाशा न उघडता खांबांचा रंग बघा, कुठल्या टोकाला आहात ते कळतं.