पीएचसीच्या एमओला महिनाभर जागेची अदलाबदल करता येते का?

मंडळी, दक्षिण गडचिरोलीत पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) एमओ (वैद्यकीय अधिकारी) आहे. बॉन्डचं (एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष संपलं तरी इथेच थांबले, हा तिसरा पावसाळा. बदली नकोय, हे आधीच सांगते. नाहीतर पहिलाच प्रतिसाद 'आपसी बदलीचा अर्ज टाका' असा येईल.

गेल्या जुलैत रात्री अडीचला मण्यार चावलेलं पोरगं आणलं. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी, 108 अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडे. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या लसीच्या) 10 व्हायल गेल्या तरी पापण्या मिटत चाललेल्या, मग श्वास उथळ. मी श्वासनलिकेत शेवटची ट्यूब टाकली होती ती इंटर्नशिपमध्ये. त्या रात्री दोनदा टाकून पाहिली, दोन्ही वेळा अन्ननलिकेत गेली. मग सिस्टर आणि मी आळीपाळीने उजाडेपर्यंत अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत बसलो. पाणी ओसरल्यावर पुढे पाठवलं, वाचलं पोरगं. पण त्या रात्री 'आता काय करू' असं विचारायला कुणी नव्हतं, ते अजून डोक्यातून जात नाही.

रजा घेतली की शेजारच्या पीएचसीच्या सरांवर अतिरिक्त चार्ज. तेही एकटेच. म्हणून वाटतं, रस्ते सुरू असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, मी महिनाभर मोठ्या रुग्णालयात भूल विभाग आणि लेबर रूममध्ये काम करावं आणि तिथल्या कुणी इथे यावं. (ऑनलाइन सीएमई, म्हणजे डॉक्टरांचे उजळणी-वर्ग, सुचवू नका. त्याने क्रेडिट पॉइंट भरतात, हात बसत नाही.)

तोंडी विचारलं तर 'तुमच्या जागी येणार कोण?' एवढंच ऐकायला मिळालं.

पीएचसी जिल्हा परिषदेकडे, जिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे, मेडिकल कॉलेजचं तर खातंच वेगळं. मग दोन्हीकडचे प्रतिनियुक्तीचे आदेश एकाच तारखेचे निघावेत म्हणून प्रस्ताव कुठून सुरू करायचा? पगार मूळ जागेवरूनच निघतो ना? आणि इथे येणाऱ्याने पीएम (शवविच्छेदन) केलं तर पुढे कोर्टाचं समन्स त्यालाच, त्याचं काय करतात? कुणाचा मंजूर झालेला प्रस्ताव असेल तर नावं खोडून दाखवा.

यायची तयारी असलेल्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फाल्सिपॅरम मलेरिया आणि सिकल सेल इथे पुस्तकाबाहेरचं बघायला मिळेल. माडिया येत नसेल तर आशाताई सांभाळून घेतात. क्वार्टर गळत नाही, इन्व्हर्टर आहे. नेटवर्क मात्र फक्त पाण्याच्या टाकीपाशी, तेही उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर.