पिच्छा पुरवणं म्हणजे प्रेम का? (कालच्या पोस्टला उत्तर)

ऐरोलीकरीण: काल इथे एकाने लिहिलं, हल्लीच्या कादंबऱ्यांतलं प्रेम मिळमिळीत झालंय, वेडेपणा उरला नाही, लेखक प्रत्येक आशिकाला गुन्हेगार करून टाकतात. वाचून डोकंच फिरलं. कॅरोलाइन केपनेसची 'यू' (२०१४) घ्या, अख्खी गोष्ट पाठलाग करणारा ज्योच सांगतो, ज्या मुलीच्या मागे आहे तिला 'तू तू' करत, इतक्या लाडाने की बरीच पानं आपणही त्याच्याच बाजूने असतो आणि मग आपलीच लाज वाटते. तरी त्यावर सिरीज आल्यावर पोरी त्याच्यावर फिदा! २०१९ला ज्योचं काम करणाऱ्या पेन बॅजलीलाच ट्विटरवर सांगावं लागलं, की अगं तो खुनी आहे.

घोडबंदरवाला: पोस्ट माझीच. कादंबरी म्हणजे ट्रकमागची 'अंतर ठेवा' पाटी नाही हो. मी सहा महिने नौपाड्यात तिच्या क्लासखाली उभा असायचो, पावसातसुद्धा. लग्नाला १४ वर्षं झाली.

ऐरोलीकरीण: वहिनींना विचारलंत कधी, तेव्हा कसं वाटायचं? माझ्यामागे वाशी लोकलला एक होता, २०११ला. मी ऐरोलीला न उतरता रबाळ्याला जाऊन उलटी यायचे, घर कळू नये म्हणून. चौकीत विचारलं, "हात लावला का?" नाही म्हटलं तर पेन खाली ठेवलं. पाठलाग हाच गुन्हा ठरवणारं कलम ३५४-ड आलं २०१३ला.

शुद्ध_तूप: मोबाइलवर गोष्टी वाचायच्या त्या अ‍ॅपवरच्या कथांबद्दल कोणी बोलेल का? हीरो तिच्या केसांत 'फुल' माळतो. फूल!! वेडेपणा एकवेळ चालवून घेईन.

कळव्याचा_बंड्या: आले मास्तर. मग गुणाला 'गूण' लिहू?

शुद्ध_तूप: गुण तत्सम आहे बंडोपंत, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. मराठी अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ, फूल, मूल. प्रत्यय लागला की फुलाला, मुलाला. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम आहेत.

कळव्याचा_बंड्या: माझी आई सातवी शिकलेली, जन्मात कधी पुस्तक हातात धरलं नाही, ती आता रोज रात्री चष्मा लावून तुमचं ते 'फुल' वाचते. तुमच्या दीर्घ ऊने कोणाला वाचायला लावलं ते सांगा.

शुद्ध_तूप: फूल वाचलं तर आईंचे डोळे दुखतील का?

कळव्याचा_बंड्या: आईवर जायचं नाही हां.

शुद्ध_तूप: गेलो नाही. नमस्कार सांगा त्यांना. पण हीरो करतो काय एवढं?

कळव्याचा_बंड्या: फार्महाउसवर कोंडलंय तिला. १८० भाग झाले. आई म्हणते मेल्याला चपलेनं हाणला पाहिजे, आणि लगेच, "पुढचा लाव."

ऐरोलीकरीण: बघा! काकूंना बरोबर कळलंय.

घोडबंदरवाला: विचारलं हिला. म्हणे पहिले दोन महिने ती क्लासच्या मागच्या जिन्याने जायची. मी पुढे भिजत उभा. १४ वर्षांत एकदा बोलली नाही, आज भाजी निवडता निवडता सांगितलं, वर न बघता. घ्या, झालं समाधान? पण पाटीचं म्हणणं मी मागे घेत नाही.