बायकोनं समोर उभं राहून शास्त्र वाचलं तर चुकतं का? आदाम आधी घडला म्हणून?

पुसदकर_विश्वासी:
सर्वांना जय ख्रिस्त. आमची मंडळी (चर्च) लहान, पुसदकडच्या खेड्यात, पंधरा-सोळा घरं, पत्र्याच्या खोलीत उपासना. सोयाबीनच्या दिवसात माणसं हडंब्यावर असतात म्हणून तीन वर्षांपासून शास्त्रपाठ माझी बायकोच वाचते अन् ढोलकी पण तीच वाजवते. दोन्ही हात ढोलकीवर असले की पदर घसरतो, मग कडव्याच्या मधात थांबून सारखा करते. आता मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी, म्हणजे आमच्यात म्हणतात त्या वडिलांनी, सांगितलं की आदाम आधी निर्माण झाला, हव्वा नंतर, म्हणून बाईनं उपासनेत पुढं यायचं नाही. दोन रविवार झाले ती मागं दारापाशी बसते, काही बोलत नाही. मला भांडण नको, शास्त्रात नेमकं काय आहे ते सांगा.

दारव्हा_बंधू:
भाऊ, वडिलांना वाईट समजू नका. बायबलमधलं १ तीमथ्य २:१२-१३ वाचा, बाईनं शिकवू नये म्हणताना प्रेषित पौल गावच्या रीतीचा दाखला देत नाही, सरळ उत्पत्तीच्या पुस्तकाचा देतो, आदाम प्रथम घडला मग हव्वा. रीत बदलते, निर्मिती कशी बदलेल? आमच्याकडे म्हणूनच बायका उपदेश करत नाहीत आणि मला ते बरोबर वाटतं. पण वाचन आणि उपदेश वेगळा, वाचायला आम्ही कोणालाच अडवत नाही. डोक्यावर पदर मात्र असावा.

वाशिमची_ताई:
दादा, १ करिंथ ११ अर्धा वाचून पुस्तक मिटतात सगळे, तिथंच घोळ होतो. वचन ८, स्त्री पुरुषापासून झाली, इथपर्यंत पाठ असतं. पण वचन ५ मध्ये पौल म्हणतो जी बाई प्रार्थना करते किंवा संदेश देते तिनं मस्तक झाकावं, म्हणजे ती मंडळीत बोलतच होती ना, गप्प बसवायचं असतं तर झाकून बोल असं कशाला सांगितलं असतं! आणि ११-१२ मध्ये तोच म्हणतो की प्रभूमध्ये दोघं एकमेकांवाचून नाहीत, पुरुषही स्त्रीच्या द्वारे जन्मतो आणि सगळं देवापासून आहे. निर्मितीचा दाखला द्यायचा तर हा पण द्या. उत्पत्ती २:१८ मधल्या साहाय्यकाचा अर्थ आपल्याकडे हाताखालची असा घेतात, पण मूळ हिब्रू शब्द एझेर, आणि स्तोत्र १२१ मध्ये माझे साहाय्य परमेश्वरापासून येते म्हणतो तिथं देवासाठीच तो आहे. देव काय आपल्या हाताखालचा आहे का? पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, १९२२ ला त्या गेल्या, १९२४ ला ते निघालं, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याच्या छपाईत हात घातला. बाईनं केलेलं भाषांतर चालतं तर बाईचं वाचणं का नाही?
तीमथ्याचं वचन अवघड आहे, ते मी झटकत नाही. पण तिथं विषय शिकवण्याचा आहे, पाठ वाचण्याचा नाही.

अकोल्याचे_काका:
पोरा, पौलाच्या रोमकरांच्या पत्रातला अध्याय १६ पाह्य. फिबी नावाच्या बाईले पौल मंडळीची सेविका म्हणते, ग्रीकमंधी दियाकोनोस, अन् सोतासाठी बी तो तोच शब्द वापरते. आपल्या नागपुरातच १९७० मंधी सीएनआय, म्हंजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, तिथं बायकाइले पाळकाची दीक्षा भेटते, आपली मंडळी निराळी असन पण ते बी ख्रिस्ताचेच हायेत. वडिलाच्या अंगावर नको जाऊ, घरी जाऊन चहा घे अन् पुस्तक उघडून सोबत वाच.

पुसदकर_विश्वासी:
शनिवारी जाऊन आलो काका. वडिलांनी चष्मा लावून १ करिंथ ११ मधलं वचन ११ अन् १२ दोनदा वाचलं, बराच वेळ बोटच काढलं नाही तिथून. बाईच्या उपदेशाचं त्यांना पटलेलं नाही, पण वाचनाला अन् ढोलकीला हो म्हणाले. ताई, स्तोत्र १२१ बायकोनं काल रात्री काढून ठेवलं, रविवारी तेच वाचणार म्हणते, फक्त ढोलकीची दोरी ढिली पडली ती आधी कसून द्या म्हणून मागं लागली आहे.