मोडी वाचून पोट भरतं का? नोकरी सोडायच्या विचारात आहे

कृष्णाकाठ (वाई)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहितोच.

वय ४३. गावातल्या पतसंस्थेत अठरा वर्षं लेखनिक आहे. पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत, तक्रार काही नाही. आठ वर्षांपूर्वी जुनं घर उतरवताना माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली. आत लाल रुमालात बांधलेले कागद. वडिलांना त्यातलं एक अक्षर लागेना. म्हणाले, "मोडी आहे, आता कोण वाचणार? कृष्णेत सोड." मला ते सोडवेना. मोडीच्या वर्गात नाव घातलं, बाराखडी गिरवली, आणि तीन-चार महिन्यांनी एका खरेदीखताच्या तळाशी पणजीचं नाव लागलं. नावापुढे शाईचा एक वाटोळा गोल आणि शेजारी दोन शब्द: "निशाणी बांगडी", म्हणजे सहीच्या जागी काढलेली बांगडीची खूण. पणजीचा फोटो आमच्या घरात नाही. तो गोल एवढीच तिची खूण. त्या रात्री मी झोपलो नाही.

तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की साडेनऊ ते साडेअकरा मी आणि कागद. आधी लोकांनी सहज म्हणून दाखवायला आणले, मग पैसे देऊ लागले. गेल्या वर्षात अकरा कामं झाली: खरेदीखतं, एक वाटणीपत्र, एका देवस्थानचं इनामपत्र आणि बाकी जन्म-मृत्यूच्या नोंदी. सगळे मिळून ४६ हजार रुपये आले. पतसंस्थेत महिन्याला २४ हजार मिळतात, म्हणजे हिशेब तुमच्यासमोरच आहे. पण नोकरीमुळे मी निम्मी कामं परत पाठवली, हेही खरं.

बायको म्हणते, "करायचं तर कर, पण पोरीची दहावी होऊ दे." तिचं चुकत नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पूर्णवेळ हेच करून कुणाचं घर चालतंय का? आणि दुसरी, जी मला जास्त छळते: रात्री रुमालाची गाठ सोडताना हात शिवशिवतात, ते सकाळी दहा वाजता गिऱ्हाईक दारात बसलेलं असतानाही शिवशिवतील का?

दप्तरखाना (पुणे)

कृष्णाकाठ, चौदा वर्षं मी फक्त हेच करतो. घर चालतं. भाड्याचं होतं, आता स्वतःचं आहे. पहिली तीन वर्षं मात्र बायकोच्या पगारावर काढली, हे आधी सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, खरा प्रश्न तोच आहे.

आपल्यातले बहुतेक जण मोडीकडे येतात ते शिवकाळाच्या नाहीतर पेशवाईच्या ओढीने. मीही तसाच आलो. भारत इतिहास संशोधक मंडळात पहिल्यांदा पेशवेकालीन पत्र हातात घेतलं तेव्हा बोरूचं ते वळण बघत बसलो होतो. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायची, हात उचलायचा तो बोरू शाईत बुडवायलाच. चिटणिशी वळणाचं एखादं पत्र तर नुसतं बघायलाही सुंदर. पण ती पत्रं वाचायचे पैसे आपल्याला कोण देणार? ते काम संशोधकांचं, आणि ते स्वतः वाचतात. आपलं पोट चालतं ते आंग्लकालीन मोडीवर. बोरू गेला, टाक आला, आणि कुलकर्ण्याला संध्याकाळपर्यंत चाळीस नोंदी उरकायच्या होत्या. अक्षर तिरपं, तुटक, शाई फुटलेली. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, कडईपत्रक, फाळणीबारा असले जमिनीच्या नोंदीचे आणि मोजणीचे कागद, गहाणखत. त्याच त्या चतुःसीमा, तेच ते "सदरहू" आणि "मजकूर".

म्हणून मी नवीन मुलांना एकच विचारतो: मोडी आवडते हे कळलं, पण कंटाळवाणा कागद आवडतो का?

माझी आवड गेली होती. चौथ्या वर्षी. कुणबी नोंद शोधायला म्हणून एका गावाचं मृत्यूचं रजिस्टर वाचत होतो. गिऱ्हाइकाच्या खापरपणजोबांचं नाव आणि त्यापुढचा जातीचा रकाना, मला हवे होते ते एवढेच दोन शब्द. पानं उलटत होतो, बोट रकान्यावरून खाली, पुढचं पान, बोट खाली. डोळे चुरचुरत होते आणि मनात म्हणत होतो, यासाठी का आपण हे शिकलो? तेवढ्यात लक्षात आलं, की बराच वेळ बोटाखाली एकच शब्द येतोय. ताप. ताप. ताप. वर तारीख पाहिली: ऑक्टोबर १९१८. इन्फ्लुएन्झाची साथ. एरवी महिन्याला चार-पाच नोंदी असणारं गाव, आणि त्या महिन्याची पानंच्या पानं भरलेली. एका घरातली चार नावं आठ दिवसांत, शेवटचं नाव सात महिन्यांच्या मुलीचं. महिन्याच्या मध्यात अक्षर बदललं. आधीच्या लिहिणाऱ्याचं काय झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी पेन खाली ठेवलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसलो, पैसे मिळणार नव्हते तरी. गिऱ्हाइकाचं नाव त्या महिन्यात नव्हतंच, ते १९११ मध्ये सापडलं. पण त्यानंतर मला रजिस्टरचा कंटाळा आलेला नाही. इनामपत्रात राजाचं नाव असतं, रजिस्टरात गाव असतं.

तुमच्या पणजीच्या बांगडीवरून वाटतं, की तुम्हाला हे आधीच कळलेलं आहे.

आता चुकीबद्दल, कारण पैसे घेतले की चुकीचं वजन बदलतं. छंदात चुकलो तर वही खोडायची. धंद्यात चुकलो तर दोन भाऊ कोर्टात जातात. सहाव्या वर्षी एका वाटणीपत्राचं लिप्यंतर मी मोबाइलवर आलेल्या फोटोवरून केलं. "बिघे ३॥" वाचलं, साडेतीन. मूळ कागदाची घडी नेमकी तिथे होती आणि घडीत एक दंडी गेली होती. कागदावर होतं ३॥।, म्हणजे पावणेचार. पाव बिघा म्हणजे पाच पांड जमीन माझ्या एका रेघेत गेली. धाकट्या भावाने मूळ कागद समोर धरला तेव्हा मी त्यांच्या ओसरीवरच माफी मागितली, पैसे परत केले, नवीन लिप्यंतर करून दिलं. थोरला भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचा राग बरोबर आहे. तेव्हापासून मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. गाडीभाडं गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर मी घालतो.

निवृत्त अव्वल कारकून (सांगली)

वरचा प्रतिसाद लाखमोलाचा. मी महसुलात होतो, शेवटची नऊ वर्षं अभिलेख कक्षात. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दोन शब्द.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. आठ दिवसांचा वर्ग करून लोक पाट्या लावून बसले. तुम्ही आठ वर्षं घासली आहेत, तुमची गोष्ट वेगळी. पण त्या गर्दीच्या वर्षातली मिळकत धरून पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडू नका. जमिनीचे कागद मात्र संपत नसतात. वाटण्या होत राहणार, भांडणं होत राहणार.

दुसरं जरा कडू आहे. लोक कागद वाचून घ्यायला येतात तसे वाचवून घ्यायलाही येतात. "साहेब, इथे कुणबीच आहे ना? नीट बघा." त्या माणसाच्या पोराचं ॲडमिशन अडलेलं असतं, तो वाईट नसतो, त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. आणि कागदावर तो शब्द नसतो. त्या वेळी "नाही" म्हणता यायला घरात पुढच्या महिन्याचं रेशन भरलेलं असावं लागतं. म्हणून म्हणतो, शिल्लक टाकल्याशिवाय राजीनामा देऊ नका. रिकाम्या डब्याने मोडी वाचायला बसू नये.

जिथे अक्षर लागत नाही तिथे कंसात "वाचता येत नाही" असं लिहून टाका. अंदाज लिहू नका. तुमच्या कागदावर असे चार कंस दिसले, की वकिलाचा उरलेल्या मजकुरावर विश्वास बसतो.

सई (नाशिक)

ताई म्हणून सांगते, मी उलट्या वाटेने आले आहे. शाळेतली नोकरी सोडून दोन वर्षं पूर्णवेळ लिप्यंतर केलं आणि परत शाळेत गेले. काम कमी होतं म्हणून नव्हे, काम भरपूर होतं. मला एकटेपणा झेपला नाही. दिवसभर मेलेल्या माणसांची नावं वाचायची आणि संध्याकाळी घरात बोलायला शब्द उरायचे नाहीत. वर्गात पोरं दंगा करतात तेव्हा मला बरं वाटतं, हे मला सोडून गेल्यावर कळलं.

आता महिन्याला दोनच कामं घेते. पानाला चारशे, पण पान बघून. स्वच्छ पेशवेकालीन पान एका बैठकीत होतं, टाकाने खरडलेलं एक पान तीन रात्री खातं. पान न बघताच दर सांगायची चूक मी सुरुवातीला केली आणि महिनाभर फुकट राबले. आधी कागद मागवा, अर्धा तास वाचून बघा, मग आकडा सांगा.

आणि रविवार सकाळ राखून ठेवा. त्या वेळी पैशाचा कागद काढायचा नाही. मी एका जुन्या वहीतली औषधांची कृती वाचते आहे, कुणी मागितलेली नाही, कुणाला उपयोगाची आहे माहीत नाही. दीड वर्षात अकरा पानं झाली.

कृष्णाकाठ (वाई)

तिघांचेही मनापासून आभार. १९१८ चा भाग काल बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकला, आणि मग म्हणाली, "सकाळची चार तासांची नोकरी देतील का, विचार तरी."

आज विचारलं. मार्चअखेर झाल्यावर मला दुपारी दोनपर्यंतच यायला सांगू शकतात, पगार पंधरा हजारांवर येईल. पोरीची दहावीही मार्चमध्येच संपते. एप्रिलपासून दुपारी दोन ते सात हे काम. सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे बाजूला पडेपर्यंत राजीनामा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. मूळ कागद पाहिल्याशिवाय सही नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे, पण पैसे घेतल्यावर ते कसं अंगावर येतं ते गेल्या आठवड्यात कळलं. "विहिरीचेपाणीदोनशेतीस" असं एका ओळीत होतं. मी दोन दिवस दोनशे तीस कसले ते शोधत होतो, रुपये की पाळ्या. तिसऱ्या दिवशी सायकलवर असताना लागलं: विहिरीचे पाणी दोन शेतीस. चौकातच उतरून उभा राहिलो. असा आनंद मला लेजर जुळल्यावर अठरा वर्षांत कधी झाला नाही.

आता एक मदत हवी. देवस्थानच्या इनामपत्रात तारखेच्या जागी "सलास सबैन मया व अलफ" आहे. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) ११७३, त्यात ५९९ मिळवून १७७२, बरोबर ना? आणि पुढे गावाच्या नावानंतर "द", मग एक डाग, मग "बस्त" असं काहीतरी आहे. "दर वस्तीस" असावं असं वाटतं, पण अर्थ बसत नाही.

दप्तरखाना (पुणे)

सन बरोबर, पण नुसतं १७७२ लिहू नका. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास पालटतो, तेव्हा १७७२-७३ लिहा. पत्रात महिना दिला असेल तर तो आधी लावून घ्या. थोरले माधवराव पेशवे त्याच सनात, नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले, त्यामुळे पत्र त्यांच्या हयातीतलं की नंतरचं हे त्या महिन्यावरून कळेल. देवस्थानच्या लोकांना ते सांगा, त्यांना हवं असेल.

डागाखाली "रो" असणार. र पुढच्या-मागच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, म्हणून तो डागात हरवला. कागद उजेडासमोर धरून मागच्या बाजूने बघा, काना-मात्रेची रेघ दिसेल. दिसली नाही तर कंसात टाका, निवृत्त साहेबांनी सांगितलंय तसं. दिसली तर शब्द "दरोबस्त". गाव दरोबस्त इनाम दिला, म्हणजे सबंध गाव, काही मागे न ठेवता.

कृष्णाकाठ (वाई)

दिसली. मागून, कंदिलाच्या काचेवर धरल्यावर. दोन्ही रेघा आहेत.