बिनतारी, नभोवाणी, आकाशवाणी : तिन्ही एकच का?

दौंडची_पोर :
मंडळी, एक शंका आहे. आजीचे वडील दौंडला रेल्वेत होते आणि त्यांच्या शेजारचे एक गृहस्थ "बिनतारीत" नोकरीला होते असं आजी कायम सांगायची. आम्ही पोरांनी त्याचा सरळ अर्थ लावला की रेडिओत होते, म्हणजे गाणी म्हणत असतील नाहीतर बातम्या देत असतील, आणि इतकी वर्षं आल्यागेल्याला ऐकवत आलो की पणजोबांचे शेजारी रेडिओस्टार होते. परवा एका लग्नाच्या पंगतीत हेच सांगितलं तर एक काका जिलबी बाजूला ठेवून म्हणाले, अगं दौंडला कुठलं आलंय रेडिओ स्टेशन, बिनतारी वेगळं नि नभोवाणी वेगळं! मग आकाशवाणी काय? आणि वायरलेस म्हणजे यातलं नक्की कोण? नीट उलगडून सांगा कोणीतरी, पुढच्या महिन्यात अजून एक लग्न आहे.

व्हॉल्व्हवाला :
काकांचं बरोबर आहे, पण तुमचा घोटाळा होणंही साहजिक आहे, कारण या दोन्हींचे मोठे मुहूर्त आपल्याकडे एकाच दिवशी लागले. २३ जुलै १९२७, शनिवार. त्या दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या स्टेशनचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं, आणि त्याच तारखेला खडकी-दौंडची बीम वायरलेस (एकाच दिशेला लाटांचा झोत सोडणारी) सेवा पण त्यांनीच सुरू केली, बादशहा पंचम जॉर्ज यांच्याशी शुभेच्छांची देवाणघेवाण करून. खडकीहून इंग्लंडला संदेश पाठवायचे, दौंडला इंग्लंडचे घ्यायचे. दोन जागा कशाला, तर पाठवणाऱ्या दांडग्या यंत्राशेजारी घेणारं यंत्र ठेवणं म्हणजे देवळातल्या घंटेखाली उभं राहून कोणाची कुजबुज ऐकण्यासारखं.

आता दौंडच्या यंत्रावर कोणी गात-बोलत नव्हतं. ते तारायंत्रच, ठिपके आणि रेघांचं, फक्त मधली तार काढून टाकलेलं. एका माणसाचा मजकूर, दुसऱ्या एकाच माणसासाठी, शब्दाला पैसे मोजून. हे झालं बिनतारी. मुंबईच्या स्टेशनातून मात्र आवाज निघायचा, गाणं, भाषण, बातम्या, आणि तो कोणा एकासाठी नव्हता, ज्याच्याकडे सेट असेल त्यानं ऐकावा. ती नभोवाणी. विज्ञान दोन्हींचं एकच, लाटा त्याच, म्हणून इंग्रजीत सुरुवातीला दोन्हींना वायरलेसच म्हणायचे आणि आपल्याकडेही लोकांनी दोन्हींना एकाच टोपलीत घातलं. तुमच्या पणजोबांचे शेजारी तारबाबू होते हो, स्टार नाही.

दौंडची_पोर :
गेली इभ्रत. 😭 पण आजी तर म्हणायची लाटसाहेब थेट बादशहाशी "बोलले"?

व्हॉल्व्हवाला :
लोक तसंच म्हणणार ना. आपण नाही का व्हॉट्सॲपवर टाइप करून "काल बोललो त्याच्याशी" म्हणत.

शुद्धलेखन_पोलीस :
शब्दाकडे येऊ या. "बिन" हा उपसर्ग मराठीत किती पचलाय बघा, बिनशर्त, बिनविरोध, बिनभाड्याचं, बिनडोक, त्याच घरातला बिनतारी. पण खरी गंमत "तार" या शब्दात आहे. तार म्हणजे धातूची तार, आणि तार म्हणजे त्या तारेतून आलेला मजकूर पण. "तार आली" म्हटलं की आधी पोटात गोळा यायचा, कागद नंतर वाचायचे. त्यामुळे वायरलेसनं आलेल्या संदेशाला लोक बेलाशक "बिनतारी तार" म्हणायचे आणि त्यात कोणाला काही खटकायचं नाही! बिनपाण्याची हजामत असते तशी बिनतारेची तार. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण पोलीस, वनखातं यांच्या बातम्यांमध्ये "बिनतारी संदेश यंत्रणा" अजून दिसते. एका ठिकाणाहून ठराविक ठिकाणी निरोप, हा मूळ अर्थ तिथे शाबूत आहे. वायरलेस चार्जरला मात्र कोणी बिनतारी चार्जर म्हणाल तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

पाभर :
मी शेतकरी माणूस, तुमच्या चर्चेत नाक खुपसतो. ब्रॉडकास्ट हा शब्द मुळात शेतीतला आहे. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ हातानं बी विस्कटून टाकणं, रेडिओवाल्यांनी तो उचलला. आणि आपल्याकडे त्याला अस्सल शब्द आहे की राव, फोकणे! मेथी, कोथिंबीर, कांद्याचं रोप टाकायचं असलं की वाफ्यात बी फोकतो आपण. मुठीत बी घ्यायचं, थोडी माती नाहीतर राख मिसळायची म्हणजे बारीक बी एकाच जागी पडत नाही, आणि मनगटाला हिसका देत चालत जायचं. कुठला दाणा कुठं पडेल हे आपल्या हातात नाही. पाभरीनं, म्हणजे पेरायच्या अवजारानं, पेरताना तसं नसतं, चाड्यावर (पाभरीच्या वरच्या वाडग्यावर) मूठ धरली की बी नळीतून सरळ तासात, एकेक दाणा ओळीत. म्हणजे दौंडची बिनतारी ही पाभर आणि मुंबईचं स्टेशन ही फोकणी. बसतंय का बघा.

शुद्धलेखन_पोलीस :
बसतंय काय, चपखल बसतंय! आणि आपल्या पंडितांनी नकळत तेच केलं. प्रक्षेपण, सहक्षेपण, ध्वनिक्षेपक, सगळीकडे क्षिप् धातू, म्हणजे फेकणे. फक्त फोकणीत जो हात दिसतो तो प्रक्षेपणात दिसत नाही. शिवाय आता रॉकेटचंही प्रक्षेपण आणि क्रिकेट मॅचचंही थेट प्रक्षेपण, त्यामुळे "आज श्रीहरिकोट्याहून थेट प्रक्षेपण" असं वाचलं की यान उडणार आहे की टीव्हीवर दिसणार आहे हे पुढची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. "प्रसारण" चालतं पण मला ते हिंदीतून आल्यासारखं वाटतं, पसरवणे म्हटलं की अफवाच आठवते.

खरखर :
पाभरदादा, तुमच्या उपमेत त्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं पूर्ण दुखणं आलंय हे सांगू का. फोकलेलं बी पाखरं खातात. बिनतारीत शब्दाला पैसे आधी मोजून घेता येतात. नभोवाणीत आवाज हवेत सोडून दिला की कोण ऐकतंय आणि कोण फुकट ऐकतंय हे कळणार कसं? सेटला वर्षाला १० रुपये लायसन होतं, त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला, आणि सेट आयात झाला की त्याच्या किमतीवर १० टक्के. १९२७ संपताना लायसनं होती साडेतीन हजारांच्या आसपास, १९२९ संपताना पावणेआठ हजार. म्हणजे वर्षाचे साठेक हजार रुपये, त्यात मुंबई आणि कलकत्ता अशी दोन स्टेशनं चालवायची, गवयांना पैसे द्यायचे. १ मार्च १९३० ला कंपनीनं गाशा गुंडाळला आणि १ एप्रिलपासून सरकारनं चालवायला घेतली.

आणि फोकणी पण किती लांब जाणार, तर ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, धड ऐकू येणार ३० मैल. उद्घाटनाच्या भाषणात आयर्विन म्हणाले होते की इथली अंतरं आणि मोकळा विस्तार बघता या माध्यमाला हिंदुस्थानात मोठा वाव आहे, लांबच्या खेड्यात दिवसभराचं काम आटपल्यावर लोकांना वेळ खायला उठतो. भाषण छान, पण मुंबईहून ३० मैल म्हणजे फार तर कल्याणच्या थोडं पुढे. ज्या खेड्यांसाठी बोलत होते तिथे दाणा पोचतच नव्हता.

निमशहरी :
मग एक कोडं घालतो. १९२१ च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियानं पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीनं मुंबईतून गाण्याबजावण्याचा एक कार्यक्रम वायरलेसवर पाठवला होता, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या फर्माइशीवरून, आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. आवाज आहे, गाणं आहे, पण ऐकणारा ठरलेला एकच. ही बिनतारी की नभोवाणी? पाभर की फोकणी?

पाभर :
मालकाच्या वाफ्यात फोकलेली मेथी. 😀

व्हॉल्व्हवाला :
हाहा. पण शेजाऱ्याकडे सेट असता तर त्यालाही ऐकू आलंच असतं, त्यामुळे माझं मत फोकणीला. हेतू बिनतारीचा, कृती नभोवाणीची. आणि दोनच वर्षांत, जून १९२३ ला, रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेच्या हौशी मंडळींनी सगळ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले, तिथून पुढे वादच नाही.

तर्कट :
आकाशवाणी राहिली की. हा तिघांतला सर्वात जुना शब्द. कंसाला रथात झाली ती आकाशवाणी. बोलणारा दिसत नाही, उलट प्रश्न विचारायची सोय नाही, आणि सांगितलं ते खरं होतं. म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ ला घरच्या घरी ३० वॅटचं स्टेशन काढलं आणि त्याला आकाशवाणी नाव दिलं. इकडे दिल्लीत लायोनेल फील्डन नावाचे बीबीसीतून आलेले अधिकारी सरकारी नभोवाणीच्या "इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस" या लांबलचक नावाला वैतागले होते. त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगोंना गप्पांत असं काही घोळात घेतलं की ऑल इंडिया रेडिओ हे नाव व्हाइसरॉयना स्वतःलाच सुचलंय असं वाटलं, हे फील्डननीच आठवणींत लिहून ठेवलंय. जून १९३६ पासून ते नाव लागलं. आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत हवा होते यावर ते खूश. १९५७ ला त्याच संस्थेचं नाव आकाशवाणी झालं.

आता माझं तर्कट ऐका. तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय "शब्दगुणकम् आकाशम्", शब्द हा आकाशाचा गुण, वायूचा नाही. ध्वनीच्या बाबतीत हे साफ चूक, ध्वनीला हवेसारखं माध्यम लागतंच. पण रेडिओच्या लाटांना हवा लागत नाही! म्हणजे जुन्या पंडितांचं जे विधान बोलण्याच्या बाबतीत फसलं ते रेडिओच्या बाबतीत योगायोगानं बरोबर निघालं, आणि साहेबाचं हवेवरचं नाव चुकलं.

शुद्धलेखन_पोलीस :
योगायोग म्हणालात म्हणून सोडतो, नाहीतर कोणीतरी आत्ता लिहिलं असतं की आपल्याकडे सगळं आधीच होतं.

वापराचं सांगायचं तर आकाशवाणी हे आता विशेषनाम. "बीबीसीची आकाशवाणी" असं कोणी म्हणत नाही, म्हणायचं तर "बीबीसीची नभोवाणी". माध्यम नभोवाणी, संस्था आकाशवाणी. दूरचित्रवाणी आणि दूरदर्शन यांच्यात हेच नातं आहे. नभोनाट्य हा शब्द मात्र कुठल्याही स्टेशनच्या नाटकाला चालतो. दु:ख एवढंच की नभोवाणी आता फक्त लेखातच उरली, बोलताना सगळे रेडिओच म्हणतात, मी पण.

खरखर :
बोलण्यातला खरा मराठी शब्द कोणीच घेतला नाही, "लागणे". रेडिओ लागत नाही, मुंबई लागली, काल सिलोन मस्त लागलं होतं. गाडीत गाणं "लागतं", आणि गाडी "लागते" पण. रेडिओ लावला तरी तो लागेलच याची खात्री नाही, हा लावणे-लागणेमधला फरक ज्यानं जुना सेट हाताळलाय त्यालाच कळतो. सुरुवातीचे सेट खड्याचे असायचे, गॅलेनाचा खडा नि त्यावर टेकवायची केसासारखी तार. बॅटरी नाही काही नाही, पण खड्यावरची नेमकी जागा सापडेपर्यंत तार टोचत बसायचं. आम्ही शाळेत असताना तेच खड्याऐवजी डायोड लावून केलं होतं. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर वेटोळं, गच्चीत एरियल, अर्थ (अर्थिंगची तार) नळाला. हेडफोनमधून डास बोलावा तसा आवाज आला, पण आला! कोणीतरी नळाला हात लावला की मुंबई जायची. प्रयोगवहीत मी लिहिलं "अर्थ न लागल्यामुळे आवाज आला नाही" आणि बाईंनी शेरा दिला, "वाक्याचाही लागत नाही".

निमशहरी :
😂😂 बाईंना नमस्कार सांगा.

दौंडची_पोर :
सगळ्यांचे आभार, लग्नात आता पाभर आणि फोकणी ऐकवणार. आणि एक अपडेट. आईला फोन करून सगळं सांगितलं, म्हटलं ते शेजारी गाणीबिणी काही म्हणत नव्हते, तारबाबू होते. तर आई म्हणते, अगं म्हणायचे की! ड्यूटीवरून आले की पेटी घेऊन ओट्यावर बसायचे आणि आख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं गायचे, आजी लहानपणी तेच ऐकायची. रेडिओ होता का त्यांच्याकडे विचारलं, तर म्हणाली छे, रेडिओ कुठला.

पाभर :
म्हणजे नोकरी पाभरीची, घरी आलं की फोकणी.