मदत हवी आहे : रविवारी गोल्फ स्पर्धेचे फोटो काढायचेत, लवकर सांगा

मुलुंडकरीण
रविवारी आमच्या कंपनीची हौशी गोल्फ स्पर्धा आहे आणि फोटो काढायचं माझ्यावर आलंय. बाळाचे, गणपतीचे, ट्रेकचे फोटो चांगले येतात माझे पण गोल्फ कधी पाहिलेलाही नाही. बॉल उडतानाचा फोटो कसा काढतात? सेटिंग काय ठेवू? प्लीज लांबण लावू नका, वेळ खूप कमी आहे.

फोकसवाला
कॅमेरा कुठला? लेन्स कुठली? हे न सांगता सेटिंग कशी सांगणार ताई. तरी सांगतो, शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) वाळू उडते तेव्हा १/२०००. मॅन्युअलच्या भानगडीत पडू नका, शटर प्रायॉरिटीवर (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो) ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर.

टीवरचा_माणूस
सेटिंग नंतर. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: खेळाडू स्टिक मागे नेतोय तोवर क्लिक करायचं नाही. अजिबात नाही. बॉलला स्टिक लागल्याचा आवाज आला की मगच. २००२ मध्ये टायगर वुड्सच्या कॅडीने (खेळाडूची बॅग सांभाळणाऱ्या सोबत्याने) एका फोटोग्राफरचा कॅमेरा थेट तळ्यात फेकला होता. हौशी लोक कॅमेरा फेकणार नाहीत, पण शॉट बिघडला तर तुमच्यावरच ढकलतील.

मुलुंडकरीण
पण मग बॉल उडतानाचा कसा मिळणार??

टीवरचा_माणूस
नाही मिळाला तरी चालेल. स्टिक आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढंच. आणि त्या क्षणी माणूस खाली बघत असतो, टोपीखाली चेहरा दिसत पण नाही. फोटो असतो तो नंतरचा, स्विंग संपल्यावर, स्टिक खांद्यामागे, मान वर, बॉल कुठे जातोय ते बघतोय. हौशी माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं ते फार सुंदर असतं, तेच टिपा.

मिररलेस_फॅन
जुन्या काळातल्या गोष्टी झाल्या या. सायलेंट शटर लावा, काही आवाज नाही, वीस फ्रेम सेकंदाला, बॉलला स्टिक लागतानाचा क्षणपण मिळतो. डीएसएलआर असेल तर विकून टाका सरळ.

फोकसवाला
सायलेंट इलेक्ट्रॉनिक शटरने सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगात फिरणारी स्टिक केळ्यासारखी वाकडी येते. तुमचा महागातला स्टॅक्ड (झटपट वाचला जाणारा) सेन्सर असेल तर ठीक, सगळ्यांकडे तो नसतो. अर्धवट सांगून लोकांना दुकानात पाठवू नका.

मिररलेस_फॅन
माझ्या फोटोत वाकडी येत नाही.

फोकसवाला
तुमचा कॅमेरा काय किमतीचा ते पण लिहा ना मग.

मुलुंडकरीण
भांडू नका हो. कॅनन १५००डी आहे, सोबत आलेली लेन्स आणि एक ५५-२५० ची झूम.

फोकसवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं 🙂 त्यात इलेक्ट्रॉनिक शटर नाहीच, आणि सेकंदाला तीनच फ्रेम. म्हणजे बर्स्टवर (बटण दाबून धरून सलग फोटो) विसंबू नका, आवाज ऐका आणि एकदा दाबा. ५५-२५० एकदम योग्य आहे, दिवसभर तीच लावून ठेवा. किती वाजता सुरू होतंय?

मुलुंडकरीण
सात. चेंबूरला.

फोकसवाला
जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. २५० वर लेन्स एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे उजेड कमी मिळतो, त्यामुळे पहिला अर्धापाऊण तास आयएसओ ३२०० किंवा त्याच्याही वर जाईल, जाऊ दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. एसी गाडीतून उतरलात की लेन्सवर वाफ धरते, कॅमेरा पिशवीतच ठेवा थोडा वेळ.

ठाण्याचा_ड्रोनवाला
वरून घ्या ना! अठराच्या अठरा होल (मैदानाचे खेळायचे टप्पे) एका फ्रेममध्ये. माझ्याकडे आहे ड्रोन, भाड्याने देतो.

चेंबूरची_मी
कृपया असलं काही करू नका. बाजूला बीएआरसी (अणुसंशोधन केंद्र) आहे, रिफायनऱ्या आहेत, विमानतळ जवळ. परवानगीशिवाय उडवलात तर पोलीस स्टेशनातच बसाल, आणि ती परवानगी रविवारपर्यंत मिळणार नाही.

ठाण्याचा_ड्रोनवाला
छोट्या ड्रोनला कोण विचारतं.

चेंबूरची_मी
इथे विचारतात. राहते मी इथे. बाकी त्या कोर्सवर गेलात तर कॅडींशी बोला. १९२७ चा क्लब आहे, कित्येक कॅडी आसपासच्या वस्तीतले, काही जण लहानपणी गल्लीत लोखंडी सळी वाकवून प्लास्टिकच्या बॉलने गोल्फ खेळलेले. बॉल कुठे जाईल ते खेळाडूच्या आधी त्यांना कळतं. त्यांचेही फोटो काढा आणि त्यांना पाठवा, कुणी पाठवत नाही.

अंधेरीचा_काका
गोल्फ शिकायचा असेल तर आधी सात नंबरची आयर्न स्टिक घ्या, ड्रायव्हर (लांब मारायची स्टिक) नंतर. खारघरला सिडकोचा कोर्स आहे, तिथे चौकशी करा.

मुलुंडकरीण
काका मला खेळायचं नाहीये. उभं कुठे राहू ते सांगा कुणीतरी.

टीवरचा_माणूस
खेळाडूच्या छातीसमोरच्या बाजूला, चांगलं दहाबारा पावलं लांब, आणि बॉलच्या रेषेपेक्षा थोडं मागेच. पुढे कधीच नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बिघडलेला शॉट नेमका त्याच्या छातीच्या बाजूलाच पुढे जातो, आणि हौशी स्पर्धेत बिघडलेलेच जास्त. बरोबर पाठीमागे बॉलच्या रेषेत पण नको, नजरेच्या कोपऱ्यात हलणारं काहीतरी दिसतं त्यांना. ग्रीनवर (होलच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर) बॅग ठेवू नका, बॉल आणि होलच्या मधून चालू नका, तुमची सावलीसुद्धा त्या रेषेवर पडू देऊ नका. कुणी ‘फोर’ (बॉल येतोय, सांभाळा) ओरडलं तर वर बघायचं नाही, डोकं झाकून खाली बसायचं.
सगळे एकदम सुरू करणार आहेत का एकामागून एक?

मुलुंडकरीण
शॉटगन स्टार्ट असं लिहिलंय मेलमध्ये. साठसत्तर जण आहेत.

टीवरचा_माणूस
हे महत्त्वाचं आहे आणि तुम्ही आत्ता सांगताय! शॉटगन म्हणजे चार-चारचे ग्रुप वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरू करणार. पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारतात ती जागा) थांबलात तर एकच ग्रुप दिसेल आणि पुढच्यासाठी पंधरा मिनिटं थांबावं लागेल. एका जागी बसून सगळे मिळायला साडेचार तास. म्हणून उलट्या क्रमाने फिरा, अठरा, सतरा, सोळा असं. समोरून ग्रुप येत राहतात, जवळजवळ निम्म्या वेळात सगळे होतात. बग्गी मागून घ्या. जिथे एका होलची ग्रीन आणि पुढच्याची टी शेजारी आहे तिथे जरा जास्त थांबा, पटिंग (बॉल होलमध्ये ढकलणं) आणि ड्राइव्ह (पहिला लांब फटका) दोन्ही मिळतात.

गोरेगावकर_९०
आयोजकांना नक्की काय हवंय ते विचारलंत का? मी कंपन्यांचे बरेच कार्यक्रम काढलेत, त्यांना स्विंगबिंग नको असतं.

मुलुंडकरीण
आत्ता फोन केला. बॅनरसमोर प्रत्येक ग्रुपचा फोटो, बक्षीस समारंभ, आणि दुपारच्या जेवणाआधी व्हॉट्सॅपवर वीसेक फोटो. स्विंगचं ‘जमलं तर’ म्हणाले.

गोरेगावकर_९०
हेच. मग सहा वाजता पोचा. बग्ग्या निघायच्या आधी नियम सांगायला सगळे एकत्र जमतात, तेव्हाच ग्रुप फोटो संपवा, एकदा कोर्सवर पांगले की पुन्हा हाती लागत नाहीत. नावांची यादी ग्रुपप्रमाणे घ्या आणि प्रत्येक ग्रुपच्या आधी त्याच्या कागदाचा एक फोटो काढा, नंतर कोण कोण ते शोधावं लागत नाही. टोप्या वर करायला सांगा नाहीतर डोळे काळे येतात, तिथे फ्लॅश वापरा बिनधास्त. खेळ चालू असताना मात्र फ्लॅश नाही. आणि जेपेगमध्येच (लगेच पाठवता येणारी फाइल) काढा.

मिररलेस_फॅन
रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, नंतर सावल्या उजळता येतात.

गोरेगावकर_९०
दुपारच्या जेवणाआधी द्यायचेत हो त्यांना. बाईंना रॉ उघडत बसायला वेळ कुठे आहे. रॉ-जेपेग दोन्ही ठेवले तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरून तो कॅमेरा ऐन वेळी अडतो.

मुलुंडकरीण
ओके जेपेग. शेवटचं, जीन्स-टीशर्ट चालेल ना?

चेंबूरची_मी
जीन्स नको, क्लबमध्ये अडवतील. कॉलरचा टीशर्ट, साधी पँट, सपाट तळाचे बूट. पांढरा भडक रंगपण टाळा. आणि मुलुंडहून निघताना जास्तीची बॅटरी चार्ज करून घ्या.

मुलुंडकरीण
जास्तीची नाहीये 😟 उद्या कुठे मिळेल?

फोकसवाला
फोर्टला बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, पण शनिवारी लवकर जा. बॅटरीचा एलपी-ई१० हा नंबर सांगा.