क्वेसारच्या उजेडावरून मधल्या हायड्रोजनचा हिशेब कसा लागते?

रातचं_ओलित:
हरभऱ्याले पाणी देणं सुरू आहे. थ्री फेज लाइन रातचीच असते, म्हणून मोटर लावून धुऱ्यावर मोबाइल वाचत बसतो. काल वाचलं, की विश्व 3,80,000 वर्षांचं असताना हायड्रोजनचे अणू जुळले, मग पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी ते पुन्हा फोडले. हे फोडणं संपलं कधी, ते क्वेसारवरून (लई दूरच्या आकाशगंगेचा लई चमकदार गाभा) कळते म्हणे. पण क्वेसार म्हणजे एक ठिपका! त्यात वाटेतल्या वेगवेगळ्या काळाचा हिशेब राहते कसा? अन् जुन्या पुस्तकात 1 अब्ज वर्षं होती, आता 1.1 काहून?

निवृत्त_कंडक्टर:
भाऊ, आर्वी-पुलगाव-देवळी-वर्धा गाडी धरा. पुलगावचं तिकीट असलेला पुलगावलेच उतरते. वर्ध्यात कोणत्या सीटा रिकाम्या, ते पाहून मी सांगू शकतो कोण कुठं उतरलं.
अखंड हायड्रोजन मुख्यतः 121.6 नॅनोमीटरची लहर गिळते. विश्व फुगते तशी लहर ताणत जाते. निघताना थोडीच आखूड असलेली क्वेसारजवळच 121.6 ले पोचते, जास्त आखूड असलेली पुढच्या थांब्यावर. वर्णपटातली प्रत्येक रिकामी जागा म्हणजे एक थांबा, म्हणजेच एक काळ.
गन आणि पीटरसन या खगोलशास्त्रज्ञांनी हे 1965 मध्येच मांडलं होतं. सलग काळा पट्टा दिसला 2001 साली, रेडशिफ्ट 6.28 च्या क्वेसारमध्ये. रेडशिफ्ट म्हणजे लहर किती ताणली त्याचं माप; जितकं जास्त, तितका जुना काळ. पण त्यात एक गोम आहे. दहा हजारांत एखादा अणू शाबूत असला तरी पट्टा पूर्ण काळा. अख्खी गाडी रिकामी झाली, तर थांब्यावर दहा माणसं होती का हजार, काय सांगता?

रातचं_ओलित:
मग 1.1?

निवृत्त_कंडक्टर:
लेखांत ‘धुकं हटलं’ लिहितात, मले ते पटत नाही. हे आपल्या गावरस्त्याच्या डांबरीकरणासारखं झालं, तुकड्यातुकड्यानं. 2022 मध्ये बॉसमन आणि सहकाऱ्यांनी 67 क्वेसारांचे वर्णपट ताडून पाहिले. एकाच काळात एका दिशेनं उजेड येते, दुसरीकडे ठार अंधार. हा फरक सगळीकडे सारखा उजेड धरून जुळेना. जुळला तो रेडशिफ्ट 5.3 पासून अलीकडं, म्हणजे विश्व 1.1 अब्ज वर्षांचं झाल्यावर. तोवर कुठंकुठं रस्ता कच्चाच होता.

तुरीवाला:
कंडक्टरसाहेब, वर्ध्याले सुट्टे देत नव्हते ते तुम्हीच का?

रातचं_ओलित:
सीटांचं डोक्यात बसलं. आता लाइन गेली, दोन सरे राहिले. उद्या विचारतो क्वेसार एवढा चमकते कशानं.